टाकी कुणाच्या ताब्यात?

'ऑक्युपाइड' ही नॉर्वेजियन मालिका ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या टीव्ही २ वर सुरू झाली आणि तीन सीझन चालली. कथा अशी: एका भीषण वादळानंतर नॉर्वेत पर्यावरणवादी पक्ष सत्तेवर येतो. पंतप्रधान येस्पर बर्ग थोरियमवर चालणाऱ्या अणुऊर्जेच्या भरवशावर तेल आणि गॅसचं उत्पादन बंद करतो. युरोप ऊर्जेसाठी तडफडतोय, अमेरिका नाटोतून बाहेर पडलेली आहे. बर्गला हेलिकॉप्टरमध्ये कोंबून पळवलं जातं आणि अट घालून सोडलं जातं: उत्पादन पुन्हा सुरू करा. पळवणारे रशियन, त्यांच्या पाठीशी युरोपियन युनियन. यानंतर रणगाडे येत नाहीत. रशियन तंत्रज्ञ येतात, सल्लागार येतात, सुरक्षारक्षक येतात आणि मुक्काम लांबत जातो.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर या मालिकेला भविष्यवाणीचा दर्जा मिळाला. तो अर्धाच खरा आहे. राजकारण तिने अचूक ओळखलं, पण यंत्रणा चुकीची दाखवली. आणि ही चूक 'मालिकाच ती' म्हणून सोडून देण्यासारखी नाही, कारण खरी सरकारंही तीच करतात. ऊर्जा सुरक्षा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे विहीर, प्लॅटफॉर्म आणि त्यावर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस येतो. प्रत्यक्षात मान पकडली जाते ती साठवणुकीच्या जागेवर, दुरुस्तीच्या कागदावर आणि कराराच्या कलमावर.

आधी जे जमलंय ते सांगायला हवं. ताबा घेणारा सगळंच ताब्यात घेत नाही, हे मालिकेला नीट कळलंय. संसद चालू, वर्तमानपत्रं चालू, सुट्ट्याही नेहमीच्या. ओस्लोतल्या एका डबघाईला आलेल्या रेस्टॉरंटच्या मालकिणीला रशियन गिऱ्हाईक मिळतं आणि तिचा धंदा सावरतो. मालिकेतला सगळ्यात खरा धागा हाच. ही कल्पना हवेतली नाही. नॉर्वेचा स्वतःचा अनुभव, म्हणजे ९ एप्रिल १९४० चा जर्मन हल्ला आणि नाझीधार्जिण्या क्विसलिंगचं सरकार, वेगळा होता. मात्र शेजारच्या डेन्मार्कमध्ये जर्मनांनी त्याच दिवशी प्रवेश करूनही राजा, मंत्रिमंडळ आणि न्यायालयं जागेवर ठेवली होती. ऑगस्ट १९४३ पर्यंत हे चाललं. मालिकेतला नॉर्वे म्हणजे खरं तर तो डेन्मार्क. ओस्लोतल्या रशियन दूतावासाने मालिकेवर जाहीर नाराजी व्यक्त करताना उत्तर नॉर्वे मुक्त करणाऱ्या सोव्हिएत सैन्याची आठवण करून दिली होती. तीही खोटी नव्हती: ऑक्टोबर १९४४ मध्ये किर्केनेस सोव्हिएत फौजांनीच सोडवलं आणि १९४५ मध्ये त्या परत गेल्या.

आता यंत्रणेकडे. समुद्रातला प्लॅटफॉर्म ताब्यात घेऊन गॅस काढता येतो, असं मालिका गृहीत धरते. ट्रोल ए हा प्लॅटफॉर्म घ्या. काँक्रीटच्या पायांसकट ४७२ मीटर उंच, तीनशे मीटरहून खोल पाण्यात उभा. त्यावरच्या कॉम्प्रेसरना वीज मिळते किनाऱ्यावरच्या कोल्सनेसहून समुद्राखालच्या केबलमधून. गॅस येतोही कोल्सनेसलाच. तिथे त्यातलं पाणी आणि जड घटक काढून, दाब वाढवून तो जर्मनी, बेल्जियम, फ्रान्सच्या पाइपलाइनमध्ये सोडतात. आणि हे सगळं जाळं, जवळपास नऊ हजार किलोमीटरचं, कारमोय बेटावरच्या गास्को कंपनीच्या नियंत्रण कक्षातून चालतं. प्लॅटफॉर्मवर वीस सैनिक उतरवून हातात काय येणार? केबल किनाऱ्यावर बंद केली की कॉम्प्रेसर थांबतात.

बंद करणं सोपं असतं. विहिरीत खोलवर बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह हायड्रॉलिक दाब काढून घेतला की आपोआप मिटतो. चालू करणं मात्र कसबी काम. थांबलेल्या पाइपमध्ये, थंडगार समुद्रतळावर, गॅस आणि पाणी मिळून बर्फासारखे हायड्रेट तयार होतात आणि पाइप तुंबतो. म्हणून आधी ग्लायकोल सोडायचं, दाब टप्प्याटप्प्याने आणायचा, कुठल्या विहिरीत पाणी वर चढतंय ते बघायचं. हे ज्याला त्या विशिष्ट विहिरीची सवय आहे तोच करू जाणे. स्थानिक कामगारांच्या संमतीशिवाय ताबेदार काहीही काढू शकत नाही. मालिकेत हा संघर्ष आहे, पण तो देशप्रेमाच्या भाषेत येतो. खरा पेच कौशल्याचा आहे.

रशियाने खऱ्या जगात काय केलं ते पाहिलं की मालिकेचा प्लॅटफॉर्म किती भाबडा आहे हे दिसतं. जर्मनीत रेडेन नावाचं ठिकाण आहे. रिकाम्या झालेल्या जुन्या गॅस क्षेत्रात, सुमारे दोन हजार मीटर खोल सच्छिद्र खडकात, जवळपास ४ अब्ज घनमीटर गॅस मावतो. देशाच्या एकूण साठवण क्षमतेचा हा साधारण पाचवा हिस्सा. जर्मन रसायन कंपनी बीएएसएफ आणि रशियाची सरकारी गॅस कंपनी गॅझप्रॉम यांच्यात मालमत्तेच्या अदलाबदलीचा एक करार ठरला होता. रशियाने क्रायमिया बळकावल्यानंतर, २०१४ च्या अखेरीस, तो गुंडाळला गेला आणि वर्षभरात पुन्हा बाहेर काढून सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस पूर्ण केला गेला. जर्मन कंपनीला सायबेरियातल्या गॅस क्षेत्रांत वाटा मिळाला. गॅझप्रॉमला मिळाला जर्मनीतला गॅसचा व्यापार आणि त्यासोबत रेडेन. म्हणजे नॉर्वेच्या पडद्यावर रशियन हेलिकॉप्टर उतरायच्या काही दिवस आधी जर्मनीची सगळ्यात मोठी टाकी कायदेशीर सही-शिक्क्यासह रशियाच्या हाती गेली होती. कुणी पळवलं नाही, कुणी धमकावलं नाही. संबंधित खात्यांनी हरकतही घेतली नाही.

टाकीची किंमत कळते ती उन्हाळ्यात. अशा खडकातल्या साठ्यात गॅस हळूहळूच भरता येतो. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रोज थोडा थोडा दाबत राहावं लागतं. मिठाच्या थरात कोरलेल्या पोकळ्या वेगाने भरतात आणि रिकाम्या होतात, सच्छिद्र खडक नाही. उन्हाळा हुकला की हिवाळ्यात पैसे फेकूनही तो भरत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात इतर मालकांनी आपले साठे बऱ्यापैकी भरले. रेडेन जवळजवळ रिकामं राहिलं. करारात ठरलेला पुरवठा गॅझप्रॉम करत होती, फक्त जास्तीचा गॅस विकत नव्हती आणि स्वतःची टाकी भरत नव्हती. कुठलाही कायदा मोडला गेला नाही, कारण टाकी अमुक तारखेला अमुक इतकी भरलेली असावी असा कायदाच नव्हता. तो आला एप्रिल २०२२ च्या अखेरीस: १ ऑक्टोबरला ८० टक्के, १ नोव्हेंबरला ९० टक्के. त्याच महिन्यात जर्मन नियामकाने गॅझप्रॉम जर्मानिया ही गॅझप्रॉमची जर्मन उपकंपनी विश्वस्त म्हणून ताब्यात घेतली. मग सगळ्यात महागड्या महिन्यांत गॅस खरेदी करून साठे भरले गेले, भाव उतरल्यावर तो तोट्यात विकावा लागला, आणि फरक अधिभार म्हणून लोकांच्या बिलात लागला.

नळ बंद करण्याची पद्धतही बघण्यासारखी. रशियाहून समुद्राखालून जर्मनीला जाणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम १ या पाइपलाइनची पूर्ण क्षमता दिवसाला सुमारे १६ कोटी ७० लाख घनमीटर. जून २०२२ मध्ये ती ४० टक्क्यांवर आली. कारण? व्हीबोर्गजवळच्या पोर्तोवाया कॉम्प्रेसर स्टेशनचा सीमेन्सचा टर्बाइन मॉन्ट्रियलला सर्व्हिसिंगला गेलेला, आणि कॅनडाच्या निर्बंधांमुळे तिथे अडकलेला. कॅनडाने खास सूट देऊन तो जर्मनीला पाठवला, तर गॅझप्रॉम म्हणाली, कागदपत्रं पुरेशी नाहीत. २७ जुलैला प्रवाह २० टक्क्यांवर. ३ ऑगस्टला चान्सलर शोल्झ म्युलहाइमच्या कारखान्यात त्या टर्बाइनशेजारी उभे राहून सांगत होते की यंत्र तयार आहे, घेऊन जा. ३१ ऑगस्टला तीन दिवसांच्या देखभालीसाठी पाइपलाइन बंद झाली, २ सप्टेंबरला तेलगळती सापडली, आणि पुरवठा पुन्हा सुरू झालाच नाही. युरोपातला भाव ऑगस्टच्या अखेरीस मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर जाऊन आला होता. कुठल्याही पटकथा लेखकाने सर्व्हिसिंगच्या पावतीवर अख्खा सीझन लिहिला असता तर निर्मात्याने त्याला घरी पाठवलं असतं.

मालिकेची दिशाही उलटी निघाली, हे बोललं जात नाही. तिच्यात रशिया युरोपला गॅस मिळावा म्हणून बळ वापरतो. खऱ्या जगात गॅस मिळू नये म्हणून वापरलं. पण बर्गची मूळ कोंडी, म्हणजे छोट्या देशाला आपला गॅस जमिनीत ठेवण्याचा हक्क खरोखर आहे का, ती मात्र खऱ्या नॉर्वेत उभी राहिली. हेलिकॉप्टर न येता.

५ जुलै २०२२. पगारवाढीसाठी 'लेडर्ने' या संघटनेचा संप समुद्रातल्या तीन क्षेत्रांवर सुरू झाला. पुढच्या काही दिवसांत तो टप्प्याटप्प्याने वाढणार होता आणि आठवड्याअखेर नॉर्वेच्या गॅस निर्यातीपैकी निम्म्याहून जास्त थांबली असती. मजूर पक्षाच्या नेतृत्वाखालच्या सरकारने त्याच संध्याकाळी हस्तक्षेप केला, संप मोडला आणि वाद सक्तीच्या लवादाकडे सोपवला. कारण देताना युरोपातल्या परिस्थितीचा उल्लेख होता. संपाचा हक्क नॉर्वेत फार जपला जातो. सक्तीचा लवाद एरवी जीवित आणि आरोग्याला धोका असेल तेव्हाच वापरावा असा संकेत आहे. इथे धोका होता तो परदेशातल्या ग्राहकाला. नॉर्वेची स्वतःची वीज बहुतेक सगळी जलविद्युत, त्यामुळे काढलेला गॅस जवळजवळ सगळाच परदेशी जातो. मी त्या सरकारला दोष देणार नाही, त्या आठवड्यात दुसरं काही करणं कठीण होतं. मात्र एका दिवसात, एका पत्रकाने, निवडून आलेल्या सरकारने स्वतःहून ते केलं जे करून घ्यायला मालिकेत अपहरण लागलं. युरोपला गॅस हवा आहे एवढं पुरेसं होतं. आणि मतदार? २०२१ च्या निवडणुकीत २०३५ पर्यंत तेल-गॅस उत्पादन संपवा म्हणणाऱ्या नॉर्वेच्या ग्रीन पक्षाला चार टक्केही मतं मिळाली नव्हती.

थोरियमबद्दल थोडं, कारण भारतीय प्रेक्षक तिथे हमखास कान टवकारतो. मालिकेत थोरियमचा प्रकल्प उघडतो आणि गॅस अनावश्यक ठरतो. थोरियम-२३२ स्वतः भंग पावत नाही. न्यूट्रॉन शोषून त्याचं आधी प्रोटॅक्टिनियम होतं, त्याचं अर्धायुष्य २७ दिवस, आणि मग युरेनियम-२३३. म्हणजे सुरुवातीला युरेनियम किंवा प्लुटोनियम लागतंच. शिवाय युरेनियम-२३२ ची भेसळ सोबत येते, तिच्यापासून पुढे तीव्र गॅमा किरण निघतात, त्यामुळे इंधनाची हाताळणी जाड भिंतीआडून दूरनियंत्रणाने करावी लागते. थोरियमचा प्रदीर्घ कार्यक्रम भारताने आखला. त्यातल्या दुसऱ्या टप्प्याच्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट अणुभट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि वीस वर्षांनीही तिच्यातून ग्रिडला वीज जात नव्हती. आणि समजा नॉर्वेत ती जादू झाली, तरी वीज म्हणजे गॅस नव्हे. जर्मन घरातला बॉयलर, काचेची भट्टी, अमोनियाचा कारखाना हे सगळं वीज स्वस्त झाली म्हणून सोमवारी बदलत नाही. बर्गची चूक नैतिक नव्हती, वेळापत्रकाची होती. मालिका त्याला हुतात्मा करण्याच्या नादात हे विसरते.

बंदुका नेमक्या कुठे लावायच्या, हा प्रश्नही उरतोच. २६ सप्टेंबर २०२२ ला नॉर्ड स्ट्रीमवर स्फोट झाले, तेव्हा नॉर्वेने कोल्सनेस, कोर्स्टो, न्युहाम्ना या किनाऱ्यावरच्या गॅस प्रकल्पांवर होमगार्ड उभे केले. ते योग्यच. पण २ जून २०२४ ला न्युहाम्ना प्रकल्प ज्यामुळे थांबला तो घातपात नव्हता: स्लाइप्नर रायझर प्लॅटफॉर्मवरच्या दोन इंची पाइपला गेलेली भेग. न्युहाम्नाहून ब्रिटनकडे जाणारी लांगेलेड पाइपलाइन त्या प्लॅटफॉर्मवरून जाते. दोन इंची भेगेने युरोपचे गॅसचे भाव उसळले. दुरुस्ती आठवड्याभरात झाली, कारण सुटे भाग, माणसं आणि प्लॅटफॉर्मवर चढायची परवानगी हाताशी होती. पहारेकरी ही भेग थांबवू शकला नसता आणि बुजवूही शकला नसता.

इथून धागा थेट आपल्यापर्यंत येतो. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने २०१२ मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी वीस वर्षांचा एलएनजी (जहाजातून येणारा द्रवरूप गॅस) करार केला, वर्षाला सुमारे २५ लाख टनांचा. ही सिंगापूरची कंपनी गॅझप्रॉम जर्मानियाची उपकंपनी. जर्मनीने ती ताब्यात घेतल्यावर मे २०२२ मध्ये रशियाने तिच्यावर उलट निर्बंध लादले, तिला मिळणारा रशियन गॅस थांबला आणि भारताकडे यायची जहाजं चुकली. गेलला ग्राहकांचा पुरवठा कापावा लागला, त्यात खत कारखानेही होते. जानेवारी २०२५ मध्ये २८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पैसे मिळाले; हुकलेल्या महिन्यांतला गॅस थोडाच मिळतो?

दुसऱ्या बाजूचा नमुना गुजरातमधल्या वाडीनारचा. नायरा एनर्जीची वर्षाला दोन कोटी टनांची रिफायनरी. त्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल आणि टीम्स सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आल्या. रणगाड्यांशिवाय मान पकडणारा रेशमी हातमोजा फक्त रशियाकडे असतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मालिकेने तरी युरोपला सहआरोपी केलं होतं.

आपल्याकडे लागणाऱ्या गॅसपैकी साधारण निम्मा आयात होतो आणि त्याचा जमिनीखालचा राखीव साठा देशात नाही. असतील त्या एलएनजी आयात टर्मिनलवरच्या टाक्या. दाभोळचं टर्मिनल वर्षाला ५० लाख टनांचं, पण ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत, अपुरं राहिल्याने वर्षानुवर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लावता येत नव्हतं. म्हणजे कागदावरची क्षमता एक आणि जुलैतली दुसरीच. स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट याहून वाईट. विशाखापट्टणमला ६० हजार टनांची आणि मंगळूरला ८० हजार टनांची अशा दोन भूमिगत गुहा आहेत. देशाचा वार्षिक खप तीन कोटी टनांच्या वर. भागाकार केला तर दोन्ही मिळून दोन दिवसही निघत नाहीत.

साठे महाग असतात, पडून राहिलेल्या मालावर व्याज भरायला लावतात, गरज पडलीच तर बाजारात चढ्या भावाने घेऊ, असा युक्तिवाद वित्त खात्यात नेहमी होतो. युरोपने २०२२ मध्ये नेमकं तेच केलं. पैसे होते म्हणून जमलं. त्याच उन्हाळ्यात पाकिस्तानने एलएनजीची निविदा काढली तर एकही बोली आली नाही, आणि बांगलादेशने तत्काळ खरेदी थांबवून वीजकपात सुरू केली. चढ्या भावाने घेऊ म्हणणाऱ्याने रांगेत आपण जर्मनीच्या जागी असू की ढाक्याच्या, याचा हिशेब आधी मांडावा.

कच्च्या तेलात आपण जरा बरे आहोत: विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर मिळून ५३ लाख ३० हजार टनांच्या गुहा, देशाच्या सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेपुरत्या. पण रेडेनची आठवण इथेच व्हायला हवी. मंगळूरच्या गुहेतला एक हिस्सा २०१८ पासून अबू धाबीच्या ॲडनॉक कंपनीला दिलेला आहे. तेल तिचं, गुहा आपली, आणि आणीबाणीत पहिला हक्क भारताचा. ॲडनॉक ही गॅझप्रॉम नव्हे आणि व्यवहार वाईटही नाही. गुहा भरायचा खर्च त्यामुळे वाचतो. फक्त पहिला हक्क हा आत जे असेल त्यावरच चालतो. म्हणून अशा प्रत्येक करारात दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कुठल्याही दिवशी गुहेत किमान किती तेल असलंच पाहिजे, आणि ते त्याखाली गेलं तर किती दिवसांत जागा परत घेतली जाईल. पाडूरचा दुसरा टप्पा आणि ओडिशातलं चंडीखोल खासगी भागीदारीतून करायचं २०२१ मध्येच मंजूर झालेलं आहे. ही कलमं त्या करारांवर सह्या होतानाच घालायची असतात. जर्मनीने ती नंतर घातली आणि त्याचं बिल लोकांच्या घरी आलं.